विठोबाकाकांचं कनेक्शन

चहा ओतून घ्या आधी, साखर आपापली बघा. सांगतो. पण एक अट आहे. मध्येच "मग तू तसं केलंसच का?" असं विचारायचं नाही. हा प्रश्न मला अख्ख्या चाळीने विचारून झालाय आणि त्याचं उत्तर द्यायची ताकद आता माझ्यात उरलेली नाही.

तर, मी एक माणूस जिवंत केला.

हसू नका! आमच्या परळच्या चाळीतला माणूस. मिलच्या संपात घर सोडून गेला तो परत आलाच नाही. त्याला मी एका रविवारी, बनियनवर बसल्या बसल्या, जिवंत केला. आणि तो जिवंत झाला म्हणून त्याच्या बायकोची राहती खोली जायची वेळ आली.

माझं काम काय ते थोडं सांगावं लागेल. कंटाळू नका. मला ते रोज करावं लागतं, तुम्हाला नुसतं ऐकायचंय.

कॉम्प्युटरच्या पोटात कर्नेल नावाचा एक भाग असतो. तो सगळ्यांचा बाप. त्याला विचारल्याशिवाय आत काही हलत नाही. नेटवर्कवरून एखादं कनेक्शन आलं की तो त्याला सुरक्षेचं लेबल लावतो. हा कोण, ह्याला कुठपर्यंत सोडायचं, वगैरे. आता हे लेबल कर्नेल स्वतःजवळ आकड्यात ठेवतो. त्याला आकडा पुरतो हो! पण आपण चालू कनेक्शनं स्क्रीनवर काढली की आपल्यालाही नुसता आकडाच दिसायचा. हे कनेक्शन सत्तावीस, ते एकशे चार. कोण सत्तावीस? कुठला एकशे चार? पहारा ठेवणाऱ्या माणसाने कपाळ बडवून घ्यायचं.

आमच्या मॅडम पुण्याच्या. शांत, नीट बोलणाऱ्या. त्यांचं नीट बोलणं ऐकलं की मला धडकी भरते, कारण त्यानंतर काम येतं.

"दिनेश, हे माणसाला वाचता आलं पाहिजे," त्या म्हणाल्या. "आकड्याच्या जागी नाव दिसू दे. बघितल्याबरोबर कळलं पाहिजे, कोण आहे ते."

झालं. लागलो कामाला. आमचं ऑफिस म्हणजे एका जुन्या मिलच्या आवारातली काचेची इमारत. माझे वडील त्याच गेटातून आत जायचे. मीही जातो. फरक एवढाच, की भोंगा झाल्यावर त्यांना बाहेर सोडायचे.

बरेच दिवस डोकं फोडल्यावर जमलं. कर्नेलला आकडा द्यायचा, तो त्याचं नाव काढून देणार, ते नाव कनेक्शनशेजारी दाखवायचं. आता हे खऱ्याखुऱ्या कनेक्शनांवर चालवून बघायचं होतं. ऑफिसात चालवलं आणि काही बंद पडलं तर मॅडम पुन्हा नीट बोलणार! मग म्हटलं, घरीच करू.

घरी सोय होती. चाळीत नेट एकच, माझ्या नावाने घेतलेलं, आणि वापरणारे सगळे. गॅलरीतल्या कपडे वाळत घालायच्या दांड्यांवरून वायर फिरवलेली. सगळ्यांची कनेक्शनं आमच्या खोलीतल्या एका म्हाताऱ्या कॉम्प्युटरमधून बाहेर जायची. मी त्याच्यात माझा नवा कर्नेल भरला आणि प्रत्येक खोलीसाठी एक लेबल केलं.

आता लेबलाला नाव काय द्यायचं?

खोली नंबर द्यायचे की नाही सरळ? द्यायचे होते! पण मॅडम म्हणाल्या होत्या ना, नाव दिसू दे. त्या दिवशी ऑफिसातून आलो तेव्हा पाय उचलत नव्हते. जिन्याखाली आमचा मीटरबोर्ड आहे. प्रत्येक मीटरच्या वर रंगाने नाव लिहिलेलं. आयतीच नावं! तिथेच उभा राहून उतरवून घेतली, वर येऊन लेबलांना डकवली आणि जेवून झोपलो.

तुम्ही चाळीत राहिलेले आहात. मीटरवरचं नाव म्हणजे काय, ते तुम्हाला मी सांगायला नको. ज्याने पहिल्यांदा खोली घेतली त्याचं नाव. मग तो वारो, गावी जाऊन बसो, नाही तर त्याचा नातू तिथे संसार थाटो. नाव तेच! बदलायला जातो कोण? हे मला माहीत नव्हतं का? जन्म गेला त्या चाळीत. पण त्या वेळी ती मला माणसांची नावं वाटलीच नाहीत. आकडे जाऊन अक्षरं आली, ह्याच आनंदात मी.

त्या नावांत एक नाव होतं विठोबा गणू राऊळ.

विठोबाकाका सूतखात्यात होते. संप लांबत चालला, घरात चूल पेटेना, तेव्हा "भिवंडीला लूमवर काम आहे म्हणतात, बघून येतो," असं सांगून कापडी पिशवी घेऊन गेले. ते गेलेच. पत्र नाही, निरोप नाही. कुणी म्हणे सुरतेला दिसले, कुणी म्हणे गाडीखाली आले. अनसूयाकाकीने काही वर्षं वाट पाहिली आणि मग पाहणं सोडून दिलं. तिने खाणावळ चालवली, दहा जणांची ताटं वाढली, मुलीला मोठी केली. ही मुलगी रेखा. ती आता घरबसल्या टायपिंगची कामं करते. तेव्हा त्या खोलीतून येणारं कनेक्शन कुणाचं? रेखाचं. आणि माझ्या स्क्रीनवर नाव कुणाचं? बापाचं.

एवढंच असतं तरी चाललं असतं. पण आमची चाळ पाडून टॉवर व्हायचा होता. कमिटी प्रत्येक खोलीचं नाव पक्कं करत होती, आणि काकीची खोली नवऱ्याच्या नावावर. नवरा समोर नाही म्हणून सही नाही, आणि मेल्याचा पुरावा नाही म्हणून वारसाहक्क नाही. बिचारी कोर्टात गेली होती. इतकी वर्षं ज्याची काहीच खबर नाही, त्याला मयत समजावं, एवढाच तिचा अर्ज. तारखांमागून तारखा खाऊन आता कुठे निकाल जवळ आला होता.

आणि आडवा कोण आला? तिचा दीर वसंत. राहायला नालासोपाऱ्याला. भाऊ हरवला तेव्हा हा शोधायला गेला नाही. बिल्डरची पाटी लागली आणि ह्याला भावाची आठवण दाटून आली! "दादा हयात आहे. तो येईपर्यंत खोली मी सांभाळणार," हे त्याचं पालुपद. पुरावा काय? तर म्हणे, मला आतून वाटतं.

तर तो रविवार. दहा बाय बाराची खोली, दार उघडं, कॉम्प्युटर दारासमोरच. वसंतराव काकीशी भांडून बाहेर आले आणि गॅलरीत घाम पुसत उभे राहिले. माझी बायको शुभांगी माणुसकीची. "भाऊजी, चहा घ्या," म्हणाली. आले आत. कपबशी हातात, नजर स्क्रीनवर.

"हे काय रे?" त्यांनी विचारलं.

आता मला सांगा, माझ्या कामाबद्दल मला आजवर कुणी काही विचारलंय? शुभांगीने लग्नानंतर एकदा विचारलं आणि अर्ध्यात भाजी बघायला उठून गेली. इथे एक माणूस स्वतःहून विचारतोय! मी खुर्ची ओढून दिली.

"ही आत्ता चालू असलेली कनेक्शनं. आधी नुसते आकडे दिसायचे. मी नावं आणली."

वसंतरावांनी बोट ठेवलं. "विठोबा गणू राऊळ. चालू. म्हणजे काय?"

"म्हणजे ते कनेक्शन आत्ता चालू आहे."

"आत्ता?"

"अगदी आत्ता, ह्या मिनिटाला!"

"हे चुकीचं नसेल ना?"

"चूक?" मी हसलो. हो, हसलो मी! "अहो, हे कर्नेलमधून येतं. मशीनच्या गाभ्यातून. तिथे खोटं चालतच नाही. हे सुरक्षेचं लेबल आहे."

वसंतरावांनी कप खाली ठेवला. मोबाइल काढून स्क्रीनचा फोटो घेतला. माझा हात दोन्ही हातांत धरून दाबला. "दिनेश, तू फार मोठं काम केलंस," म्हणाले.

माझा ऊर भरून आला हो! शुभांगीला म्हटलं, "बघ, नालासोपाऱ्याच्या माणसाला कळतं." ती म्हणाली, "त्यांना चहा आवडला असेल."

संध्याकाळी मॅडमचा फोन आला. टेस्टिंग कसं चाललंय? मी म्हटलं, "मॅडम, नावं दिसतायत. कुणालाही वाचता येतायत." ह्या वाक्यात किती तथ्य होतं, ते फोन ठेवल्याबरोबर कळलं. दारात अनसूयाकाकी उभी. पदर खोचलेला, हातात उलथणं तसंच.

"दिन्या! माझो घोव तुझ्या पेटयेत आसा म्हणान सगळी चाळ बोलता. खंय तो? दाखव माका!"

मला काही कळेना. काकीने स्क्रीनकडे पाहिलं. नाव तिला वाचता आलं. कुणालाही येत होतं ना! ती वाचत राहिली आणि तिच्या हातातलं उलथणं हळूहळू खाली आलं.

"खराच आसा रे तो?" ती म्हणाली. आवाज इतका बारीक, की ही आमची काकीच बोलतेय हे पटेना.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. वसंत, फोटो, दाबलेला हात, सगळं एकदम. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी वर्षं जिने दार लावून टाकलं होतं, तिचं दार मी एका फालतू लेबलासाठी उघडलं होतं.

"नाही काकी. ती रेखा आहे. नाव मी दिलंय."

"माझ्या रेखाक बापाशीचा नाव कित्याक दिलंस?"

"मीटरवर आहे म्हणून."

"मीटरार आसा म्हणान माणूस आसा?" काकी पुन्हा काकी झाली. मला तेवढ्यात बरं वाटलं. "बिल कोण भरता? मी भरतंय! त्या वसंताक काय सांगलंस तू?"

सांगितलं सगळं. शब्दन्‌शब्द सांगितला. "खोटं चालत नाही" म्हटल्याचंसुद्धा. काकी ऐकून घेऊन मटकन बसली. म्हणाली, "माझी खोली गेली."

शुभांगीने माझ्याकडे असं पाहिलं, की मी बनियनवर शर्ट चढवला.

दोन दिवसांनी कमिटीची मीटिंग. तळमजल्यावर, सेक्रेटरी साळवीकाकांच्या ऑफिसात. साळवीकाका मिलमधून बाहेर पडल्यापासून चाळीचे सगळे कागद सांभाळतात. वसंतराव फोटो घेऊन हजर. मोबाइल हातोहात फिरला. आता हा फोटो कोर्टात देणार, म्हणाले. काकीचा निकाल थांबवणार.

"हे काय आहे, दिनेश?" साळवीकाका म्हणाले. "सगळ्यांना कळेल असं सांग."

मी उभा राहिलो. दिवसभराचं ऑफिस करून आलो होतो, डोळे मिटत होते. म्हटलं, "कर्नेल प्रत्येक कनेक्शनला सुरक्षेचं लेबल लावतो..."

"बघा!" वसंतराव ओरडले. "सुरक्षेचं लेबल! मेलेल्याला कोण सुरक्षेचं लेबल लावतो का?"

मागून कुणीतरी म्हणालं, "अरे, म्हणजे सरकारी आहे हे."

"सरकारी नाही हो! मी लावलंय."

"तूच म्हणालास, कर्नेल लावतो."

"कर्नेल आकडा लावतो. आकडा खरा असतो. नाव मी लावलं."

"रविवारी म्हणालास, खोटं चालत नाही!"

"आकड्यात चालत नाही. नावात चालतं."

"मग खोटं नाव लावलंसच का?" साळवीकाकांनी विचारलं.

"माणसाला वाचता यावं म्हणून."

अख्खं ऑफिस हसलं. एकटी काकी हसली नाही. तिने भिंतीला डोकं टेकलं होतं. मी जितका खुलासा करत होतो तितके विठोबाकाका आणखी धडधाकट होत चालले होते. अजून पाच मिनिटं बोललो असतो तर ते जिना चढून वर आले असते.

शेवटी मला सुचलं. ह्या साऱ्या प्रकरणात सुचलेली ती एकच धड गोष्ट. म्हटलं, "वर चला सगळे. माझ्या घरी. दाखवतो."

निघाली मिरवणूक. खोलीत मावतील तेवढे आत, बाकीचे गॅलरीत. मी कॉम्प्युटरसमोर बसलो.

"आता ह्या मशीनवर कोण बसलंय?"

"तू," साळवीकाका म्हणाले.

"दिनेश मोहन चव्हाण. मान्य? आता मी माझं कनेक्शन जोडतो. नाव बघा." यादीतली माझी स्वतःची ओळ मी कधी नीट पाहिलीच नव्हती. आपण कोण ते आपल्याला माहीत असतं ना! पण मीटरबोर्ड मला आता तोंडपाठ झाला होता. बटण दाबलं. वरती पहिलीच ओळ आली.

धोंडू लक्ष्मण चव्हाण. चालू.

मग गॅलरीतून आवाज आला, "आयला, धोंडूआजा!"

माझे आजोबा. मी शाळेत जायच्या आधीच वारलेले. साळवीकाकांनी स्वतः खांदा दिला होता. साळवीकाका स्क्रीनवर वाकले, चष्मा वर करून वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि एकाएकी पोट धरून हसायला लागले.

मग काय विचारता! जो तो ओळी वाचायला लागला. देसायांची सून मोबाइलवर बोलत उभी, आणि स्क्रीनवर तिचे आजेसासरे चालू. पवारांचे गावी खपलेले चुलते चालू. अर्धी चाळ मेलेली माणसं वापरत होती, आणि जोरात वापरत होती.

"वसंता," साळवीकाका डोळे पुसत म्हणाले, "हा फोटो कोर्टात जरूर दे. तुझ्या भावाबरोबर आमच्या धोंडूबाबांनाही समन्स काढायला सांग."

वसंतरावांचा चेहरा पडला. फोटो तिथेच संपला. काकी रडली, आणि मग माझ्या पाठीत एक धपाटा घातला. तो मला शाबासकीसारखा लागला. मला वाटलं, सुटलो! केलेलं निस्तरलं.

तेवढ्यात साळवीकाकांचं हसणं थांबलं. "दिनेश, मीटर आजोबांच्या नावावर आहे."

"तेच तर सांगतोय काका, इतका वेळ!"

"आणि भाडेपावती?"

मी शुभांगीकडे पाहिलं. शुभांगीने माझ्याकडे.

"तीही," मी म्हटलं.

"तुझ्या वडलांनी नावावर करून घेतली नाही?"

"करू म्हणायचे."

"आणि तू?"

"मीही तेच म्हणायचो."

"मग टॉवरमधली खोली मी लिहू कुणाच्या नावे?"

वसंतराव दारात चपला घालत होते. तिथूनच म्हणाले, "आधी आजोबांच्या हयातीचा दाखला आणायला सांगा त्याला!" आणि ह्या वेळी ऑफिसातल्यापेक्षा मोठा हशा झाला.

पुढचं काय सांगू? काकीचा निकाल लागला. विठोबाकाका कायद्याने गेले. ती पेढे घेऊन आली नाही, ते बरोबरच होतं. नुसती येऊन बसली, म्हणाली, "त्येचा नाव काढ आता." मी काढलं आणि तिचं घातलं. अनसूया विठोबा राऊळ. ती बराच वेळ बघत बसली. माझ्या स्क्रीनवर ते पहिलं जिवंत माणूस.

आणि मी? आजोबांना माझ्या वडलांसकट चार मुलं. एक आत्या कुडाळला, एक कणकवलीला, एक काका कुठे ते काकालाच माहीत. प्रत्येकाची सही हवी. एक आत्या म्हणते, आधी चार दिवस राहायला ये, मग सहीचं बोलू. दुसरीचा मुलगा म्हणतो, टॉवरमध्ये आमचंही बघा काहीतरी. ऑफिसातून सुट्टी मागितली तर मॅडम नीट बोलतात.

काकीनेच मला तिचा वकील दाखवला. गिरगावात, एका जुन्या वाडीत पहिल्या मजल्यावर. सोबत म्हणून ती स्वतः आली. लांबलचक बाक, डोक्यावर कुरकुरणारा पंखा, आमच्या पुढे ही गर्दी. आदल्या रात्रीचं जागरण, त्यात सकाळी ऑफिस. बसल्या बसल्या माझा डोळा लागला.

आतून कारकुनाने फाइल बघून हाक मारली, "धोंडू लक्ष्मण चव्हाण!"

आणि मी ताडकन उभा राहून ओरडलो, "हजर!"

काकीने माझा शर्ट धरून मला खाली ओढलं. "बस खाली, मेल्या! तो तुझो आजो. तू अजून जिवंत आसस."